जागेचे मोल

अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहराच्या फुटबॉल संघातून खेळणाऱ्या जिमी ग्रॅहम याचा एक तंटा २०१४ सालच्या उन्हाळ्यात लवादापुढे गेला. तंट्याचा विषय वरवर पाहता हसू यावे असा होता. ग्रॅहम हा मैदानावर नेमका कोण, एवढेच लवादाला ठरवायचे होते. संघाचे म्हणणे असे की, तो 'टाइट एंड' आहे. म्हणजे आघाडीच्या रांगेच्या टोकाशी, तिला खेटून उभा राहणारा आणि प्रसंग पडेल त्याप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला अडवणारा किंवा चेंडू झेलणारा गडी. ग्रॅहमचे म्हणणे असे की, आपण 'वाइड रिसीव्हर' आहोत. म्हणजे रांगेपासून दूर उभे राहून, धाव घेऊन चेंडू झेलणारा गडी. आदल्या हंगामात त्याने ८६ वेळा चेंडू झेलला होता आणि झेलून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत नेण्याचा पराक्रम १६ वेळा केला होता. या गोष्टींबद्दल कोणाचाही वाद नव्हता. वाद होता तो नावाचा. पहिले नाव लागू झाले, तर त्याचे वर्षाचे वेतन सुमारे ७० लाख डॉलर होणार होते. दुसरे लागू झाले, तर सुमारे १ कोटी २३ लाख.

गोमंतकातील वाचकाला फुटबॉल म्हटले की जो खेळ आठवतो, तो हा नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. अमेरिकेच्या या खेळात चेंडू लांबट असतो, तो बहुधा हाताने फेकला किंवा छातीशी धरून पळवला जातो, आणि पायाचा उपयोग चेंडूला क्वचितच होतो. श्रमविभाग मात्र या खेळात जितका पराकोटीला गेला आहे, तितका अन्य कोणत्याही सांघिक खेळात गेला नसेल. चढाईचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, चेंडूला लाथ मारणारा आणखी वेगळा. इतकेच नव्हे, तर लाथ मारणाऱ्याकडे दोन पायांमधून चेंडू सरकवून देण्यासाठीच ज्याची नेमणूक झालेली असते, असाही एक गडी प्रत्येक संघात असतो. या सर्वांचे वेतन त्यांच्या जागेनुसार ठरते, हे तर आलेच. परंतु १९९३ पासून तेथील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये अशी एक तरतूद आहे की, करार संपलेल्या एका खेळाडूला संघ आणखी एक वर्ष अडवून ठेवू शकतो, आणि त्या वर्षाचे वेतन मुख्यतः त्याच्या जागेवरील पाच सर्वांत मोठ्या वेतनांच्या हिशेबाने ठरते. म्हणजे बाजारात जे अस्फुट असते, ते येथे कोष्टकात मांडलेले सापडते. अमुक जागेची किंमत इतकी. मग त्या जागेवर उभा असलेला माणूस कोणीही असो.

ग्रॅहमच्या बाजूने सांगण्यात आले की, आदल्या हंगामात सुमारे ६७ टक्के डावांत तो रांगेला खेटून उभा नव्हता, तर तिच्यापासून सुटा उभा होता. लवादाने अंतर मोजले. रांगेतील शेवटच्या गड्यापासून चार यार्डांच्या आत जो उभा आहे, तो सुटा दिसला तरी टाइट एंडच होय, असा निर्णय त्याने दिला. संघाने ग्रॅहमला त्याच नावाने निवडले होते, तो स्वतःही आपल्याला त्याच नावाने म्हणवून घेत असे, हेही निर्णयात आले. पुढे दोन आठवड्यांच्या आत उभय पक्षांनी चार वर्षांचा, ४ कोटी डॉलरांचा करार केला. वर्षाला १ कोटी. म्हणजे दोन नावांच्या दोन किमतींच्या जवळजवळ मधोमध. अशाच एका तंट्यात २००८ साली बाल्टिमोर संघाच्या टेरेल सग्ज या खेळाडूच्या बाबतीत दोन जागांच्या वेतनांची सरळ सरासरी काढून वाद मिटवण्यात आला होता. व्यवहाराची बुद्धी तत्त्वाच्या अडचणी अशा रीतीने ओलांडून जाते. आपल्याला मात्र ती अडचण अडचण म्हणूनच पाहायची आहे.

वेतन हे मनुष्याच्या कर्माचे फळ आहे, की तो ज्या जागी उभा आहे त्या जागेचे भाडे आहे, हा तो प्रश्न होय. आपण सारे तोंडाने पहिले म्हणतो आणि व्यवहारात दुसऱ्याने वागतो. पाठशाळेत शिकवणाऱ्याचे वेतन त्याने किती विद्यार्थ्यांना शहाणे केले यावर ठरत नाही, तो कोणत्या इयत्तेला शिकवतो यावर ठरते. यात काही गैर आहे असे आपल्याला वाटतही नाही. कारण आपली अशी समजूत असते की, जागेचे मोल तिथे होणाऱ्या कामाच्या मोलावरूनच कधीतरी ठरलेले असणार. या समजुतीची परीक्षा या खेळात जशी होते तशी कचेरीत होत नाही, म्हणूनच एका परक्या खेळाचे हे पुराण मी लावले आहे.

या खेळात सर्वांत मोठे वेतन 'क्वार्टरबॅक'चे. चेंडू प्रत्येक डावात त्याच्या हाती येतो, कोणाकडे फेकायचा हे तो क्षणार्धात ठरवतो, आणि त्याच्या निर्णयावर संघाचे भवितव्य हेलकावे खाते. २०२३ साली उपरोक्त कोष्टकात क्वार्टरबॅकचा आकडा ३ कोटी २४ लाख डॉलर होता. चेंडू घेऊन गर्दीत घुसणाऱ्या 'रनिंग बॅक'चा १ कोटी १ लाखाच्या आत. तिपटीहून अधिक अंतर. हे अंतर निसर्गाने निर्माण केलेले आहे काय? १९०६ पूर्वी या खेळात चेंडू पुढे फेकण्याला मुळी परवानगीच नव्हती. त्या काळी आजच्या अर्थाचा क्वार्टरबॅक असणे शक्य नव्हते आणि चेंडू घेऊन घुसणे हेच खेळाचे सार होते. पुढे १९७८ साली लीगने नियम बदलले. झेलणाऱ्याला पाच यार्डांच्या पलीकडे धक्का देण्यास बंदी झाली, आणि फेकणाऱ्याच्या रक्षकांना हात लांब करून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची मोकळीक मिळाली. झेलाझेलीचा खेळ वाढावा, प्रेक्षक खूश व्हावेत, हा हेतू उघड होता. तो साधला. परंतु त्याबरोबर फेकणाऱ्याचे मोल वाढले आणि घुसणाऱ्याचे कालांतराने उतरले. घुसणारा पूर्वीपेक्षा आळशी झाला होता काय? तो होता तसाच राहिला. एका सभेत काही गृहस्थांनी नियमावलीचे एक पान बदलले, एवढेच झाले. ज्याला आपण लायकी म्हणतो, तिचा किती मोठा भाग दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या नियमात दडलेला असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

याहूनही चमत्कारिक कथा 'लेफ्ट टॅकल'ची. हा रांगेतील डावीकडचा, बहुधा अवाढव्य देहाचा गडी. चेंडूला तो सहसा हातही लावत नाही. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताचे असतात. चेंडू फेकण्यासाठी असा मनुष्य वळला की त्याची पाठ डावीकडे होते आणि त्या बाजूने येणारा हल्ला त्याला दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूचे रक्षण करणे, हे या गड्याचे काम. त्याने ते उत्तम केले, तर मैदानावर काहीच घडत नाही, आणि जे घडले नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार? १८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइझमन याचा पाय लॉरेन्स टेलर या प्रतिस्पर्ध्याच्या झडपेखाली मोडला. दूरचित्रवाणीवर लक्षावधी लोकांनी ते पाहिले आणि थाइझमन पुन्हा कधी लीगमध्ये खेळला नाही. पुढे १९९३ साली करार संपलेल्या खेळाडूंना हवा तो संघ निवडण्याची मुभा मिळाली, तेव्हा या अनाम रक्षकांची वेतने भराभर चढली. मायकेल लुइस या लेखकाने २००६ साली यावर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. रक्षणाचे मोल कळायला आधी एक पाय मोडावा लागतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आपल्या परिचयाच्या फुटबॉलमध्येही गोलरक्षकाची हीच दशा. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा 'बालों दोर' हा मान १९६३ साली लेव्ह याशिन या गोलरक्षकाला मिळाला. त्याच्यानंतर आजतागायत दुसऱ्या कोणा गोलरक्षकाला तो मिळालेला नाही. ब्रह्मानंद संखवाळकरांना गोलखांबांमध्ये उभे पाहिलेल्या गोमंतकीयांना यात किती अन्याय आहे ते सांगायला नको.

तथापि लेफ्ट टॅकलच्या या उत्कर्षातही एक मौज आहे. क्वार्टरबॅक डावखुरा असला, तर न दिसणारी बाजू उजवी होते. मायामीच्या संघाने २०२० साली तुआ टागोवायलोआ या डावखुऱ्याला घेतले, आणि तेथे पाठराखणीचे काम उजव्या बाजूच्या गड्याकडे गेले. म्हणजे एका माणसाच्या कामाचे मोल दुसऱ्या माणसाच्या हाताच्या वळणावर अवलंबून! स्वतःच्या कर्तबगारीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टीवर क्षणभर विचार करावा.

अनेकांच्या एकत्र कर्मातून एक फळ निघते, तेव्हा त्यात कोणाचा वाटा किती, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात इंद्रियांचा कलह सांगितला आहे. आपणांत श्रेष्ठ कोण, असे वाणी, नेत्र, कर्ण, मन आणि प्राण यांनी प्रजापतीला विचारले. जो निघून गेल्यावर शरीर सर्वांत हीन दिसेल तो श्रेष्ठ, असे त्याने उत्तर दिले. मग वाणी वर्षभर निघून गेली. शरीर मुक्याप्रमाणे जगले. नेत्र गेले, शरीर आंधळ्याप्रमाणे जगले. कर्ण आणि मन यांचेही तसेच झाले. शेवटी प्राण निघू लागला, तेव्हा जातिवंत घोडा दावणीचे खुंटे उपटून काढतो तशी सारी इंद्रिये उखडू लागली, आणि त्यांनी प्राणाला विनवले की, तू जाऊ नकोस, तूच श्रेष्ठ. आधुनिक अर्थशास्त्री वेतनाची जी कसोटी सांगतात ती जवळजवळ हीच आहे. एक गडी काढून घ्या आणि किती बिघडते ते पाहा. जितके बिघडेल तितके त्याचे मोल.

कसोटी सुंदर आहे, पण वाटणीला ती पुरी पडत नाही. क्वार्टरबॅक गेला तर संघ हरतो, हे खरे. पण चेंडू त्याच्या हाती देणारा मधला गडी गेला, तर खेळच सुरू होत नाही. प्रत्येक जण पाळीपाळीने निघून गेला आणि प्रत्येकाच्या जाण्याने सर्व काही बिघडले, तर प्रत्येकालाच सर्व काही द्यावे लागेल. आणि तेवढे तर तिजोरीत नसते. लॉइड शॅपली या गणितज्ञाने १९५३ साली या कोड्याची एक उकल सुचवली. गडी कोणकोणत्या क्रमाने एकत्र येऊ शकतात ते सर्व क्रम घ्या, प्रत्येक क्रमात एकेकाच्या येण्याने किती भर पडली ते मोजा, आणि त्या सर्वांची सरासरी काढा. या विचाराची एक बाजू मला विशेष मोलाची वाटते. रिकाम्या मैदानावर प्रथम येणारा क्वार्टरबॅक शून्य भर घालतो, हे त्या हिशेबात मान्य करावे लागते.

उपनिषदातील कथेचा पुढचा भाग आपण सहसा विसरतो. श्रेष्ठत्व मान्य होताच प्राणाने पहिला प्रश्न विचारला तो अन्नाचा. माझे अन्न काय? इंद्रियांनी सांगितले, कुत्र्यापक्ष्यांपर्यंत जगात जे जे अन्न आहे ते सर्व तुझेच. श्रेष्ठाने वेतन मागावे, यात ऋषींना वावगे वाटले नाही. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, तेव्हापासून लोक या सर्वांना वाणी म्हणत नाहीत, नेत्र म्हणत नाहीत. 'प्राण' असेच म्हणतात. अन्न श्रेष्ठाचे झाले, पण नाव सर्वांना मिळाले. अमेरिकेतील लवादापुढे नेमके उलटे घडले. काम मान्य झाले, आणि नाव नाकारून अन्न कमी केले.

या वेतनांचे समर्थन करताना रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाचा युक्तिवाद हटकून पुढे येतो. त्याने १९७४ साली विल्ट चेंबरलेन या बास्केटबॉलपटूचे उदाहरण घेऊन विचारले की, त्याला पाहण्यासाठी प्रत्येक प्रेक्षकाने राजीखुशीने पंचवीस सेंट वेगळ्या पेटीत टाकले, तर त्यातून आलेल्या विषमतेत अन्याय तो कोणता? युक्तिवाद चातुर्याचा आहे, पण या खेळाला तो लागू पडत नाही. येथे कोणाच्या नावाची वेगळी पेटीच नसते. दूरचित्रवाणीकडून राष्ट्रीय करारांपोटी येणारा पैसा ३२ संघांत सारखा वाटला जातो, आणि १९९४ पासून प्रत्येक संघाला वेतनावर किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा घातलेली आहे. परिणामी क्वार्टरबॅकला दिलेला अधिकचा डॉलर मालकाच्या खिशातून येत नाही, तो शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याच्या ताटातून येतो. प्रेक्षकाने राजीखुशीने दिले ते संघाला, खेळाला. त्याची वाटणी करणारे हात दुसरेच. त्या वाटणीला प्रेक्षकाच्या संमतीचा टिळा लावून पवित्र करून घेणे, हा निव्वळ हातचलाखीचा प्रकार आहे.

आणि आता रनिंग बॅककडे वळू. कारण माझ्या मते खरा नैतिक सल तेथे आहे. अॅडम स्मिथने १७७६ सालच्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, काम जितके कष्टाचे, अप्रिय किंवा घाण असेल तितके त्याचे वेतन अधिक असले पाहिजे. नाहीतर ते करायला माणूस तयार होणार नाही. रनिंग बॅकचे काम म्हणजे चेंडू छातीशी धरून, त्याला आडवे पाडण्यासाठीच उभ्या असलेल्या माणसांच्या भिंतीवर पुनःपुन्हा आदळणे. वयाच्या सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे शरीर जुने समजले जाते. स्मिथच्या न्यायाने त्याला अधिक मिळायला हवे. मिळते कमी, आणि शरीर लवकर झिजते हेच कमी देण्याचे कारण म्हणून सांगितले जाते! त्यातच २०११ सालच्या कराराने नवोदितांची पहिली चार वर्षे ठरीव आणि तुलनेने अल्प वेतनाने बांधून टाकली. क्वार्टरबॅकला ती चार वर्षे उमेदवारीची असतात; त्याचे भर कर्तृत्व पुढे असते. रनिंग बॅकचे भर कर्तृत्व त्या चार वर्षांतच खर्ची पडते. नियम सर्वांना एकच, आणि म्हणूनच तो सर्वांना सारखा नाही.

पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेल याने २०१८ साली या व्यवस्थेविरुद्ध आपल्यापुरता सत्याग्रह केला. तो केवळ घुसत नसे, चेंडू झेलतही असे. दोन्ही कामांचे दाम त्याला हवे होते. संघाने त्याला एका वर्षासाठी सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरांवर अडवून ठेवले. तो संपूर्ण हंगाम खेळलाच नाही, आणि ती रक्कम त्याने जाऊ दिली. कोट्यधीशाच्या या उपोषणाला हसणे सोपे आहे. हे आकडे ऐकून शेतमजुरी करणाऱ्या माणसाने तोंडात बोट घालावे, हे खरेच, आणि या सर्वांचीच वेतने अवाजवी आहेत असे कोणी म्हटले, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु न्यायाचा प्रश्न आकडा मोठा झाला म्हणून मिटत नाही. दोन भावांनी हिऱ्यांची वाटणी लबाडीने केली, तर ती लबाडीच. हिरे होते म्हणून ती क्षम्य ठरत नाही.

जागेनुसार वेतन ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळींचे वर्णन आहे. खळ्यावर रास झाली की ज्याची जी ओळ, त्या मानाने त्याला धान्य मिळे. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या ओळी मानाच्या उतरंडीप्रमाणे लावलेल्या नव्हत्या. सुतार-लोहारांबरोबर महारही काही गावी थोरल्या ओळीत असे, आणि भट, गुरव धाकट्या ओळीत. कुणब्याला ज्याचे काम अधिक पडे, त्याला अधिक. केवळ वाटणीच्या दृष्टीने पाहिले, तर हे कोष्टक अमेरिकेतील कोष्टकापेक्षा कमी शहाणपणाचे नव्हते. तरीही ती व्यवस्था अन्यायाची होती, आणि अन्याय धान्याच्या मापात नव्हता. थोरल्या ओळीचे बलुते घेणाऱ्या महाराला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते आणि त्याच्या मुलाला दुसऱ्या कोणत्याही ओळीत जाऊन उभे राहता येत नव्हते. जातिव्यवस्था म्हणजे नुसता श्रमविभाग नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले, ते याच मर्मावर बोट ठेवून.

अमेरिकेच्या या खेळाचाही असा एक गावगाडा होता. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्वोग या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७० साली दाखवले की, कृष्णवर्णीय खेळाडू मध्यवर्ती जागांवर अगदी थोडे आणि कडेच्या जागांवर दाटीने आढळतात. बुद्धी चालवायची जागा गोऱ्याची, धावायची जागा काळ्याची, अशी ती अलिखित वहिवाट. जागेला वेतन, आणि जागा वर्णाने; मग वेतनाच्या कोष्टकात वर्णाचा उल्लेख करण्याची गरजच उरत नाही. वॉरन मून हा विद्यापीठातून नावाजलेला क्वार्टरबॅक म्हणून बाहेर पडला, तेव्हा दुसरी जागा पत्करण्याच्या सूचना त्याला झाल्या. त्याने जागा बदलली नाही, देश बदलला. १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे कॅनडातील एडमंटन संघाने तेथील अजिंक्यपद मिळवले, तेव्हा मून त्या संघात होता. १९८४ साली ह्यूस्टनने त्याला परत बोलावले. पुढे २००६ साली खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला.

डग विल्यम्सला मात्र ती जागा मिळाली होती. टँपा बे संघाचा तो पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक होता आणि पूर्वी सतत हरणाऱ्या त्या संघाला त्याने उपान्त्य फेऱ्यांपर्यंत नेले होते. १९८२ साली त्याचे वेतन होते १ लाख २० हजार डॉलर. पहिल्या पसंतीच्या सर्व क्वार्टरबॅकमध्ये ते सर्वांत कमी होते, आणि दुसऱ्या संघांतील बारा राखीव क्वार्टरबॅक त्याच्याहून अधिक मिळवत होते. तो ती लीग सोडून गेला. काही वर्षांनी तो वॉशिंग्टन संघात राखीव म्हणून परतला आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी अंतिम सामन्यात मैदानावर उतरला. दुसऱ्या पंधरा मिनिटांत त्याने चार वेळा चेंडू असा फेकला की झेलणारा थेट हद्दीपलीकडे गेला. वॉशिंग्टनने तो सामना ४२ विरुद्ध १० असा जिंकला, आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचेच नाव पुकारले गेले.